आवाज कुठे ठेवायचा?

परवा दुपारी दारावर एक मुलगा आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा असेल, पण माझ्या हाताखालून गेलेला, म्हणून माझ्या लेखी मुलगाच. पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "गुरुजी, आमच्या आजोबांची रेडिओवरची मुलाखत तुमच्याकडे आहे ना? यंदा शिमग्यात मंडळ त्यांची आठवण करणार आहे. आधी त्यांचा आवाज ऐकवायचा आणि मग नमन उभं करायचं, असं ठरलंय."

मी गप्प बसलो. कारण ती मुलाखत माझ्याकडे होती. आता नाही.

त्याचे आजोबा आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या त्या गावचे मृदंगवाले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. उमेदीची वर्षं मुंबईला गिरणीत काढली. दर शिमग्याला रजा टाकून गावी यायचे, खेळ्यांबरोबर घरोघर फिरायचे आणि पुन्हा साच्यावर उभे राहायचे. 1982 चा संप झाला आणि ते कायमचेच गावी परतले. त्यानंतर चारेक वर्षांनी रत्नागिरी आकाशवाणीवर त्यांना बोलावणं आलं. एकट्याने जायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून सोबतीला मी. एस.टी.त मृदंग मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने वर ठेवायला सांगितला तर म्हणाले, "पोराला टपावर ठेवतंव काय?"

आजच्या मुलांना सांगून पटणार नाही, पण रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र आलं 1977 साली, ही आम्हाला मोठी गोष्ट होती. त्याआधी आमचा रेडिओ म्हणजे मुंबई आणि पुणे. 'पुन्हा प्रपंच'मधल्या मीनावहिनी, टेकाडे भावोजी आणि पंत आमच्या घरचेच होते म्हणा ना! नीलम प्रभू, प्रभाकर जोशी आणि बाळ कुडतरकर यांचे चेहरे कित्येकांनी कधी पाहिले नसतील, पण आवाज अंधारातही ओळखले असते. पुणे केंद्रावरून 1955 साली गीतरामायण सुरू झालं, त्याबद्दल तर काही लिहायलाच नको. पण हे सगळे आवाज घाटावरचे नाहीतर मुंबईचे. आपल्या शेजारचा माणूस, आपण बोलतो तसं बोलताना रेडिओवरून ऐकू येणं ही चीज वेगळी. ती आम्हाला रत्नागिरी केंद्राने दिली.

काकांची मुलाखत घेणारे गृहस्थ वयाने तरुण होते, पण जाणकार. सुरुवातीला काकांनी रीतसर पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न केला. "माझा जन्म अमुक गावी झाला" वगैरे. दोन वाक्यांत घाम फुटला. त्या गृहस्थांनी काय करावं? त्यांनी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, पावसाळ्यात मृदंगाचं काय करता हो?"

झालं! काका सुटलेच. चामडं कसं सादळतं, आवाज कसा बसतो, चुलीपासून किती हातांवर टांगायचा, जास्त जवळ गेला तर काय होतं. डाव्या बाजूला कणीक लावतात ती किती सैल मळायची. हे सगळं स्वतःच्या बोलीत. आणि मधेच शब्द अपुरे पडले तर हात मृदंगावर. "ह्यो बोल बगा, आनि आता ह्यो." गणाला कसं वाजवायचं, गवळणीला कसं, आणि संकासुर आला की हात कसा बदलायचा. छापील मुलाखतीत हे कुठून आणणार? 'मग त्यांनी मृदंग वाजवून दाखवला' एवढंच लिहिता येतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "गिरणीत असताना मृदंगाची आठवण यायची का?" काका बराच वेळ बोलले नाहीत. मी काचेच्या पलीकडे बसलो होतो, मला वाटलं आता ते दुसरा प्रश्न विचारतील. त्यांनी विचारला नाही. थांबले. मग काका म्हणाले की साच्याच्या आवाजात त्यांना नेहमी एक ठेका ऐकू यायचा, त्यावर ते मनातल्या मनात वाजवायचे, आणि त्यामुळेच इतकी वर्षं तिथे निभावली. मी त्यांना दहा वर्षं ओळखत होतो. हे मला कधी सांगितलं नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

माझं म्हणणं आहे ते इथेच. कलाकाराचा सत्कार करणं सोपं, त्याला प्रश्न विचारणं अवघड. शाल, श्रीफळ, फोटो, 'आपण या कलेकडे कसे वळलात' आणि 'नव्या पिढीला काय संदेश द्याल', एवढ्यावर आपलं काम संपतं. संदेश द्यायला तो काय पुढारी आहे? त्याला त्याच्या कामाबद्दल विचारा. नटाला विचारा की मागच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवतोस. जाखडीच्या शाहिराला विचारा की समोरच्या फडाने कोडं घातलं आणि उत्तर येईना, तर कुठल्या कडव्यात वेळ काढतोस. मग बघा तो कसा बोलतो ते. आणि एकदा प्रश्न विचारला की गप्प बसा! शाळेत चाळीस मिनिटं मीच बोलत असे, त्यामुळे हे सांगायचा अधिकार मला नाही हे कबूल.

दुसरी गोष्ट भाषेची. जॉर्ज ग्रियर्सनसाहेबांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिचा 7 वा खंड मराठीचा. तो 1905 साली निघाला. त्यात संगमेश्वरी बोलीची वेगळी नोंद आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला ती नोंदवावीशी वाटली, आणि आम्ही शिक्षक मंडळी मात्र तीच बोली बोलणाऱ्या पोरांच्या वहीत लाल शाईने रेघा मारत होतो. मीही मारल्या आहेत. ती बोली रेडिओवरून ऐकली तेव्हा गावातली माणसं पहिल्यांदा हसली, आणि मग हसायची थांबली. आपली भाषा सरकारी यंत्रातून येते म्हणजे ती काही कमअस्सल नाही, हे त्या दिवशी कुणी न सांगता सगळ्यांना कळलं. मला जरा जास्तच कळलं.

माझा भाचा यावर म्हणतो, "मामा, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. नमनाचे व्हिडिओ ढीगभर पडलेत. कशाला काळजी करता?" त्याचं म्हणणं खोटं नाही. रात्रभराचं नमन आज मोबाईलवर सापडतं, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण तो झाला खेळ. खेळ करणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्या खेळाबद्दल काय सांगतो, ते त्यात नाही. कणीक किती सैल, हे व्हिडिओत दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी समोर बसून विचारावं लागतं. शिवाय खिशात असणं म्हणजे जपलेलं असणं नव्हे. फोन बिघडला, बदलला, की गेलं सगळं.

आणि जपण्याबद्दल बोलायचं तर मी कोण मोठा लागून गेलो! काकांची मुलाखत लागली त्या संध्याकाळी मी टेपरेकॉर्डर ट्रान्झिस्टरला चिकटवून ती कॅसेटवर घेतली होती. मधे आमच्या घड्याळाचे टोलेसुद्धा आले होते. कॅसेटवर नाव, तारीख नीट घातली आणि माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली. कोकणातला पावसाळा मला काय नवीन होता? पुस्तकांना दर वर्षी ऊन दाखवत होतो, कॅसेटला दाखवायचं सुचलं नाही. काही वर्षांनी काढली तर फितीवर पांढरी बुरशी. तशीच घाईने लावून बघितली. दोन मिनिटं खरखर, त्यात काकांचा एकदा "व्हय" एवढा आवाज, आणि फीत गुंडाळली जाऊन तुटली. दोष पूर्णपणे माझा.

म्हणून मला वाटतं, हे काम एकट्यादुकट्याच्या माळ्यावर सोडू नये. आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. जवळजवळ दोनशे वर्षं आपण कागद सांभाळतो आहोत. मग गावोगावच्या वाचनालयांत एक कपाट आवाजाचं का असू नये? ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात, जाणकार पोरांनी त्या साफ करून संगणकावर घ्याव्यात, दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. कोण बोलतंय, कुठल्या गावचा, कुठल्या साली, एवढं लिहून ठेवलं तरी पुष्कळ. आकाशवाणीने विचारायची पद्धत दाखवून दिली आहे. पण सगळं त्यांनीच करावं असं म्हणून आपण हात झटकायचे, हे काही बरं नव्हे.

असो. त्या मुलाला मी सगळं खरं सांगितलं. तो रागावला नाही. खाली बघत राहिला, मग खिशातून फोन काढून समोर ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, आठवतंय तेवढं तुम्हीच सांगा."

मी वीसेक मिनिटं बोललो. चूल, कणीक, साच्याचा ठेका, सगळं सांगितलं. तो गेल्यावर लक्षात आलं, की मी काकांचं सगळं बोलणं शुद्ध मराठीत सांगून टाकलं होतं. आणि मृदंग काही मला वाजवता येत नाही.

आमच्या नात्यातल्या मंडळींना एकच सांगणं आहे. या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरात कुणी गाणारं, वाजवणारं, ओव्या येणारं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्यासमोर अर्धा तास बसा. फोन चालू करा, एक साधा प्रश्न विचारा आणि मग ऐकत राहा.