स्लॅबलाही पाचट हवे



उसाच्या बिलातून गावोगाव स्लॅबची घरे उभी राहात आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु एप्रिल-मेमध्ये आम्ही वस्त्यांवर हिंडतो तेव्हा बोलणी होतात ती निंबाच्या झाडाखाली. लाखो रुपये घातलेले घर मागे रिकामे! दुपारी आत बसवत नाही आणि रात्रीही खाटा अंगणातच, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडीत राहतो. मग कूलर येतो, पुढच्या वर्षी ए.सी., आणि विजेचे बिल तर येतेच.

आमच्या मते दोष सिमेंटचा नाही, बांधण्याच्या पद्धतीचा आहे. नाशिकच्या जुन्या वाड्यांना जाडजूड भिंती आणि मधे चौक. धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर. ऊन आत पोचेपर्यंत दिवस कलायचा, आणि निफाडच्या थंडीत हीच भिंत ऊब धरायची. आपण तो थर काढला आणि चार-पाच इंची काँक्रीट उन्हात उघडे टाकले. खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरा, म्हणजे जमीन तापत नाही, हे आम्ही तुम्हांला दरवर्षी सांगतो. स्लॅबचे काय वेगळे आहे?

सरकारनेही हे ओळखले आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये संहिता झाली आणि घरांसाठी २०१८ मध्ये 'इको निवास संहिता'. तिने छताला मर्यादा घातली : आत-बाहेर एका अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसत्या स्लॅबमधून जाते ती याच्या सुमारे तिप्पट. पण ही संहिता आखली गेली ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे, आणि त्याहून मोठ्या जागेवरच्या बांधकामांसाठी. गावठाणातल्या घराला विचारतो कोण? तेव्हा कायद्याची वाट न पाहता आपणच हात घातलेला बरा.

होळी झाली की स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्यावेत. चुन्यात थोडा फेविकॉल घातला तर तो धरून राहतो. पावसात धुऊन जातो ही तक्रार खरी, पण वर्षाकाठी एका दिवसाचे तर काम! नवे बांधणाऱ्याने स्लॅबवर वीट-तुकड्यांचा कोबा घालून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. औष्णिक केंद्राच्या राखेपासून होणारे हलके ठोकळे मातीच्या विटेपेक्षा उष्णता कमी आत सोडतात, तेही विचारात घ्यावेत. पश्चिमेला पडवी काढावी; शोभेची मोठी काच तिकडे मुळीच नको. गवंडी म्हणेल, "असं कोणी करत नाही." ठिबकच्या वेळी आम्ही हेच ऐकले होते.

आणि हे फक्त सभासदांनाच का सांगावे? यापुढे कारखान्याच्या कोणत्याही नव्या इमारतीचा नकाशा संचालक मंडळापुढे येईल तेव्हा छतातून किती उष्णता आत येणार आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली कशाची, ही दोन उत्तरे वास्तुशिल्पकाकडून लेखी घ्यावीत, आणि सभासदांनी वार्षिक सभेत ती वाचून दाखवायला सांगावीत, अशी आमची सूचना आहे.