कानाशीं वेताळ

पुस्तक वाचावयाचें कीं ऐकावयाचें, हा प्रश्न अलीकडे आमच्या परिचयाच्या सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो, आणि बहुधा तो तक्रारीच्या सुरांत निघतो. मुलें वाचीत नाहींत, कानांत इअरफोन घालून बसतात, आणि ऐकतात तें काय, तर खून, भुतें, राक्षस आणि उडते सर्प! असें म्हणणाऱ्या पालकांशीं आम्ही वाद घालीत नाहीं. आम्ही त्यांस गुणाढ्याची गोष्ट सांगतों.

गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरचा पंडित. त्यानें पैशाची भाषेंत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचिली. राजानें भाषा हलकी म्हणून ती परत पाठविली. तेव्हां गुणाढ्य अरण्यांत अग्निकुंड पेटवून बसला आणि एकेक पान मोठ्यानें वाचून अग्नींत टाकूं लागला. पशुपक्षी चरावयाचें विसरून भोंवतीं गोळा झाले. इकडे राजाच्या पाकशाळेंत येणारें मांस शुष्क होऊं लागलें, म्हणून चौकशी झाली. तेव्हां कोठें कळलें कीं, रानांतील जनावरें एका माणसाचें वाचन ऐकत उपाशीं बसलीं आहेत. तोंपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लक्षाचें सार म्हणून अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें कथासरित्सागर लिहिला, आणि ही हकीकतही तोच सांगतो. तींत खरें किती हें वाचकांनीं ठरवावें. पण अद्भुत कथेचा गुण श्रोत्याच्या विसरलेल्या भुकेवरून मोजावा, ही कसोटी आम्हांस फार पसंत आहे.

बरें, ऐकण्याचीं पुस्तकें हें कांहीं कालपरवांचें खूळ नव्हे. एडिसननें १८७७ सालीं ध्वनिलेखनाचें यंत्र सिद्ध केलें, आणि लगेच पुढच्या वर्षीं त्याचे जे उपयोग सांगितले त्यांत अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें हा एक होता. इंग्लंडांत अशीं पुस्तकें १९३५ सालीं निघालीं. तीं तबकड्यांवर असत व तबकडीची एक बाजू सुमारें पंचवीस मिनिटें चाले. त्या अगदीं पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती बाईंची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही खुनाची कादंबरी होती, याची आमच्या तक्रारखोर पालकांनीं नोंद घ्यावी. आपल्याकडे २०१७ सालीं स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी आली आणि मराठी पुस्तकें मोबाईलवर ऐकण्याची सोय पुष्कळ घरांत झाली. यंत्राविषयीं एवढें पुरे. आम्हांस बोलावयाचें आहे तें वाचणाराविषयीं.

आम्ही डहाणूस राहतों. आमच्या वडील भगिनी, ज्यांस सारें घर अक्का म्हणतें, आमच्याजवळच असतात. वय ब्याऐंशी. लहानपणीं बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांच्या पराक्रमांवर त्या वाढल्या. अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, व त्यांतल्या निदान दोनशें तरी आपण तांदूळ निवडतां निवडतां संपविल्या, असें अक्का अभिमानानें सांगतात. काचबिंदूनें त्यांचे डोळे गेले, तेव्हां सहा महिने त्या घरांत कोणाशीं धड बोलल्या नाहींत. जेवण निम्म्यावर आलें. डॉक्टर म्हणाले, प्रकृतीस कांहीं झालेलें नाहीं. आम्ही त्यांस रोज सायंकाळीं वाचून दाखवीत असूं, पण त्या म्हणाल्या, "अरे, तूं खुनी माणसालाही विभक्तिप्रत्यय शिकवल्यासारखा वाचतोस." मग नातवानें फोनवर एक ॲप घालून दिलें, कोठें बोट लावावयाचें तें स्पर्शानें कळावें म्हणून कांचेच्या कडेला सुतळीचा तुकडा चिकटविला, आणि दोन दिवसांनीं अक्कांनीं रात्रीं साडेदहाला पिठलें मागितलें.

म्हणून आमच्या घरीं ऑडिओबुक ही चैनीची वस्तु नाहीं, आणि त्याचा वाचक वाईट निघाला तर तें आम्हांस सहन होत नाहीं. एका दुपारीं अक्कांनीं इअरफोन काढून मांडीवर ठेविला. कादंबरी नऊ तासांची होती व दोन तास झाले होते. "त्या वाचणाऱ्या बाईनें दिवाणजीचें नांव घेतांना आवाज खालीं नेला," त्या म्हणाल्या. "तेव्हांच मला कळलें. आतां पुढचे सात तास मी काय करूं?" शेवटीं दिवाणजीच खुनी निघाला. ज्यास दृष्टि आहे तो असें पुस्तक फेंकून दुसरें उघडील, खिडकींतून रस्ता पाहील. अक्कांचे ते सात तास म्हणजे पुरत्या दोन दुपारी होत्या.

रहस्यकथेच्या वाचकाची अडचण हीच आहे. खुनी कोण हें त्यास पहिल्या वाक्यापासून ठाऊक असतें, आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत त्याच्या कंठास तें ठाऊक नसावें लागतें. वर सांगितलेली ॲक्रॉइडची कादंबरी ज्यांनीं वाचली आहे त्यांस, ती मोठ्यानें वाचणें किती कठीण आहे हें सांगावयास नको. ज्यांनीं वाचली नाहीं त्यांचा आनंद आम्ही येथें घालविणार नाहीं. डोळ्यांनीं वाचणाऱ्यास मागील पान उलटतां येतें, आणि अधीर असेल तर शेवटचें पानही चोरून पाहतां येतें. कानास दोन्ही नाहींत. म्हणून सुगावा ज्या वाक्यांत आहे तें वाक्य दाबून म्हणतां कामा नये आणि गिळतांही कामा नये. बाजूच्या वाक्यांच्या पंक्तींत तें मुकाट्यानें बसलें पाहिजे. इतकें करूनही मृत्युपत्राची तारीख सांगितली जात असतां आमच्या स्वयंपाकघरांत कुकरची शिटी होतेच. पण तो दोष वाचकाचा नव्हे.

पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकाचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन वाचणारा, घाईनें वाचणारा, मान हालवीत वाचणारा, लिहिलें तसेंच वाचणारा, अर्थ न कळतां वाचणारा आणि दुबळ्या कंठाचा. वेदपाठासाठीं केलेली ही यादी आम्ही खुनांच्या कादंबऱ्यांस लावून पाहिली आणि ती तंतोतंत लागू पडली! दुबळ्या कंठाचें औषध आतां यंत्रांत आहे, तो सोडून द्यावा. गाऊन वाचणारे नाटकांतून आलेले असतात; त्यांच्या तोंडीं इन्स्पेक्टर चहा मागतो तोही दरबारांत फिर्याद मांडल्यासारखा. मान हालविणारा दिसत नाहीं खरा, पण ऐकूं येतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटीं त्याचा स्वर एकाच जागीं डुलतो. अर्थ न कळतां वाचणाऱ्याविषयीं आम्हीं लिहिलें तर लेख लांबेल. घाईचा दोष मात्र आतां वाचकाकडून श्रोत्याकडे गेला आहे. आमचे चिरंजीव दीडपट वेगानें ऐकतात, म्हणे वेळ वांचतो. त्या वेगानें वाड्यांतील पिशाच्च सुद्धां गाडी चुकेल अशा धांदलींत जिना उतरतें.

आणखी एक विघ्न पार्श्वसंगीताचें. लेखकानें 'दार करकरलें' असें लिहिलें आहे, वाचकानें तें नीट उच्चारलें आहे, मग पुन्हा दार करकरविण्याचें प्रयोजन काय? रसास्वादाचीं विघ्नें अभिनवगुप्तानें मोजलीं आहेत. कुत्र्याचें रडणें आणि वाऱ्याची शीळ तो आज असता तर त्यांतच घालता, असें आमचें मत आहे. भयानक रसास शांतता लागते. वाचक क्षणभर थांबला, आणि आपल्याच घरांतील घड्याळ ऐकूं आलें, तर त्यासारखी भीति नाहीं.

अद्भुत कथेचें शास्त्र थोडें निराळें. येथें लपवावयाचें कांहीं नसतें, पटवावयाचें असतें. वेताळपंचविशीचा प्रसंग आठवावा. अंधारी रात्र, स्मशान, राजाच्या खांद्यावर प्रेत, आणि त्या प्रेतांतला वेताळ कानाशीं गोष्ट सांगतो आहे. राजानें बोलावयाचें नाहीं, चालावयाचें. आणि वाट सरावी म्हणून गोष्ट. ओझें वाहतां वाहतां कानाशीं गोष्ट ऐकण्याचें यापेक्षां जुनें चित्र आम्हांस माहीत नाहीं. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येऊं लागली. पहांटेच्या गाडींत वाणगांव-बोईसरच्या पुढें पाहावें, तर निम्मे प्रवासी डबा मांडीवर घेऊन, कानांत तार घालून, डोळे मिटून बसलेले असतात. चर्चगेट येथून सुमारें १२४ किलोमीटर आहे. विक्रमाची वाट याहून लांब नसावी.

वेताळाच्या त्या गोष्टींत एक गुण आहे, जो परकीय अद्भुत कादंबऱ्यांत कमी आढळतो. तींत एका वेळीं तीनचार माणसें असतात, आणि तीं कानांत राहतात. टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ सालीं तीन खंडांत निघाली, तिच्याबरोबर नकाशे होते. कानास नकाशा दिसत नाहीं. तींत सॉरॉन व सारुमान असे दोन दुष्ट आहेत. कागदावर ते दोन आहेत हें डोळ्यास कळतें. अक्कांनीं तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांस एकच समजून दोघांच्या पापांची बेरीज केली होती. आमच्या पुराणिकबोवांस ही युक्ति ठाऊक होती. अर्जुन म्हणतांना ते एकदां पार्थ म्हणत, एकदां धनंजय, आणि दर वेळीं कोणाचा कोण तें सहज सांगून पुढें जात. ऐकणाऱ्यास उपकार वाटूं न देतां ते त्यास वाट दाखवीत.

मराठींत या बाबतींत नारायण धारप (१९२५-२००८) आम्हांस उत्तम वाटतात. त्यांची 'लुचाई' ही अमेरिकेच्या स्टीफन किंगच्या कादंबरीवरून घेतली आहे हें सर्वश्रुत आहे; पण ऐकतांना अमेरिका कोठेंही आडवी येत नाहीं. वाक्यें साधीं, नांवें आपलीं, आणि भीति बसलेली असते ती माजघर, जिना, विहीर अशा रोजच्या जागीं. समर्थांच्या कथांत अमानुष शक्तींचीं स्पष्टीकरणें लांबतात. डोळा तीं ओलांडतो, कानास तीं सारीं सोसावीं लागतात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आंखूड असल्यानें ऐकण्यास अधिक सोयीच्या. रात्रीं एक ऐकून झोंपावें. दोन ऐकूं नयेत.

आतां या सर्वांत आम्हांस एक गोष्ट खटकते. आमच्या येथून तलासरी फार तर तासाभराच्या अंतरावर. तेथील शाळेंत आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविलें. वारली पाड्यांवर भगत घांगळीच्या साथीवर कणसरीची, म्हणजे धान्यमातेची, कथा रात्र रात्र गातात. लग्नांत चौक लिहितात तेव्हां धवलेरी गाते. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्यामुळें वारल्यांचीं चित्रें जगभर गेलीं. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. चित्रें भिंतीवरून कागदावर आलीं, साडीवर आलीं, चहाच्या पेल्यावरही आलीं. पण त्या चित्रांतील माणसें ज्या गोष्टींत राहतात त्या गोष्टी कोणत्या ॲपवर आहेत? पाड्यावरचीं मुलें तलासरी नाक्यावर येऊन, तेथें रेंज चांगली म्हणून, परदेशी राक्षसांच्या गोष्टी उतरवून घेतात. आमची त्यांस मनाई नाहीं. राक्षस कोणाचाही चालतो. पण आजोबांच्या गोष्टींतला राक्षस आजोबांबरोबर जाईल, आणि पैशाची भाषा हलकी म्हणणारा राजा एकदां होऊन गेलाच आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा भगत आहेत. गेल्या पावसाळ्यांत तो फोन घेऊन त्यांच्यापाशीं बसला, तर म्हातारबोवांनीं साफ नाहीं म्हटलें. कथा अवेळीं गावयाची नसते. नवें धान्य घरांत येऊं दे. मुलगा परत आला. कोणत्याही क्षणीं बटन दाबून वाटेल ती गोष्ट ऐकण्याची संवय झालेल्या आम्हां लोकांस हा नकार ऐकून बरें वाटलें. आधीं म्हातारबोवांनीं विचारलेंही, कीं हें ऐकणार कोण, आणि पुसतां येईल का. पुसतां येईल, तुम्ही म्हणाल तेव्हां, असें त्यानें कबूल केलें. कापणी झाल्यावर मग त्यानें दोन रात्रींत चार तास उतरवून घेतले.

मुद्रण घेऊन तो आमच्याकडे आला. संगणकावर त्याची काटछांट करावी असा त्याचा विचार होता. मध्यें म्हातारबोवा बिडी ओढण्यास थांबतात, तार जुळवितात. कोठें कुत्रें भुंकतें. आणि दर थोड्या वेळानें, ऐकणारा जागा आहे कीं नाहीं हें कळावें म्हणून, ते थांबतात व नातवानें हुंकार दिल्यावांचून पुढें सरकत नाहींत. "गुरुजी, हे माझे 'हूं' तरी काढून टाकतों," तो म्हणाला. आम्ही म्हटलें, आधीं ऐकूं या.

फोन पाटावर ठेवून आम्ही ऐकत बसलों. वारली बोलींतले निम्मे शब्द आमच्या घरांत कोणास कळले नाहींत. विद्यार्थी अधूनमधून अर्थ सांगत होता. पाऊण तासानें म्हातारबोवा एका जागीं थांबले. यंत्रांतला मुलगा त्या वेळीं बहुधा डुलकी घेत असावा, कारण हुंकार लवकर येईना. घांगळीची तार एकदां वाजली, पुन्हा वाजली. तेव्हां खाटेवरून अक्का म्हणाल्या, "हूं."