पहिलं कडवं कापू नका

नाताळ जवळ आला की दुकानांतून आणि कॅफेंतून त्याच चार गाण्यांचा रतीब सुरू होतो, ही तक्रार मी या सदरात पूर्वीही केली आहे. या आठवड्यात तिच्यात भर पडली. एका कॅफेत चक्क केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या क्वायरचं रेकॉर्डिंग लागलं. मी कान टवकारले, तर ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ हे गाणं थेट ऑर्गन घुमू लागतो तिथूनच सुरू झालेलं. काउंटरवरच्या मुलाला विचारलं. “मॅडम, सुरुवात फार हळू आहे. लोकांना वाटतं, स्पीकर बंद पडला,” तो म्हणाला. तेवढा भाग त्याने मुद्दाम वगळला होता.

अहो, त्या पहिल्या कडव्यासाठीच तर ते रेकॉर्डिंग ऐकायचं!

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एरिक मिल्नर-व्हाइट या डीनने १९१८ साली किंग्जच्या चॅपेलमध्ये नाताळच्या आदल्या दिवसाची एक उपासना सुरू केली. बायबलमधली नऊ वाचनं आणि मधेमधे कॅरोल्स. १९१९पासून तिची सुरुवात याच ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ने होते. १९२८मध्ये बीबीसीने ती प्रथम प्रसारित केली. दुसऱ्या महायुद्धात चॅपेलच्या जुन्या रंगीत काचा उतरवून ठेवल्या होत्या, आत ऊब नव्हती, सुरक्षेपायी जागेचं नावही रेडिओवर सांगता येत नव्हतं. गाणं मात्र थांबलं नाही.

पहिलं कडवं एकच मुलगा गातो. साथीला काहीच नाही, ऑर्गनसुद्धा नाही. १९८२ ते २०१९ या काळात क्वायर सांभाळणारे स्टीफन क्लिओबरी त्यासाठी काही मुलांची तयारी करून घेत, पण कोण गाणार हे अगदी शेवटच्या क्षणी, प्रक्षेपणाच्या तोंडावर, बोटाने खुणावून सांगत. आधी कळलं तर त्या पोराला रात्रभर झोप लागायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. इतकी माया असलेला गुरू मला फार मोठा वाटतो. याच क्लिओबरींनी दरवर्षी एक नवी कॅरोल लिहवून घेण्याचा पायंडा पाडला. आर्वो पेअर्टसारख्या संगीतकाराने १९९०मध्ये त्यांच्यासाठी रचना केली.

पण मी त्या मुलाविषयी बोलत होते. आपल्याकडे गवई पन्नाशीत पिकतो. दम, समज, रियाज, सगळं वयाबरोबर वाढत जातं. या मुलांचं उलटं. वर्षानुवर्षं रोज तालीम करायची, आवाज ऐन भरात यायचा आणि तेरा-चौदाव्या वर्षी तो फुटायचा. पुढे तोच मुलगा टेनर होईल, बास होईल, उत्तम गाईलही. पण तो पहिला आवाज त्याचा त्यालासुद्धा परत मिळत नाही. दगडी कमानींखाली उमटलेला तो आवाज उरतो फक्त रेकॉर्डिंगमध्ये. तेवढाच तुकडा कापून टाकायचा, याला मी अडाणीपणा म्हणते.

कॅफेवाल्यांनो, गप्पांच्या मागे लावायला दुसरी पुष्कळ गाणी आहेत, ती खुशाल लावा. आणि वाचकहो, २४ डिसेंबरला केंब्रिजमध्ये दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. बीबीसीच्या रेडिओवर ही उपासना तेव्हाच सुरू होते. पाच मिनिटं आधीच लावून बसा. उशीर केलात तर तो मुलगा गाऊन गेलेला असेल.