गोठ्यातली राजदूत



एरवी या सदरात आपण पिकांविषयी बोलतो. आज एका फटफटीविषयी बोलू. मात्र जे सांगणार आहे ते आपल्या पाठीवरच्या पेट्रोलच्या फवारणी पंपालाही तितकेच लागू आहे.

आमच्या गावच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड, एक राजदूत गाडी वीस-बावीस वर्षे उभी होती. १९७४ सालची. आमच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, ती जुनी विकत घेतली होती. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन बांधून ते रोज पहाटे डेअरीत जात. पोलंड देशातील एसएचएल गाडीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने काढलेली ही गाडी. इंजिन एका सिलिंडरचे, १७३ सीसीचे, टू-स्ट्रोक. दिसायला बोजड, पण खाचखळग्यांना आणि ओझ्याला न डगमगणारी.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या म्हणाला, "काका, भंगारवाला आलाय. किलोवर घेतो म्हणतो. देऊन टाकू का?"

मी म्हटले, "थांब. आधी उघडून बघू."

अशी बंद गाडी हाती आली, तर लगेच किक मारू नका. आत गंज असतो, रिंगा तुटतात. आम्ही प्लग काढला आणि भोकातून निम्मे डिझेल व निम्मे इंजिन ऑइल असे थोडे मिश्रण आत सोडले. आठ दिवस तसेच ठेवले. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवले. पिस्टन सुटला. जोर लावला असता, तर खर्च दुप्पट झाला असता.

काढलेला प्रत्येक भाग क्रमाने वेगवेगळ्या डब्यात ठेवावा. पुतण्याने काढण्याआधी प्रत्येक जोडणीचा मोबाईलवर फोटो घेतला. जोडताना त्याचा फार उपयोग झाला.

टाकीत गंज होता. जुने पेट्रोल काढून टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली. या वेळी विडी-काडी जवळ नको. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग तर मुळीच करू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो. नंतर एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी टाकीत भरून पंधरा दिवस ठेवले. मळीने लोखंडाचा गंज सुटतो. झाकण सैल ठेवावे, कारण मिश्रण आंबून वायू धरतो. कार्बोरेटरसारखे ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे भाग मात्र मळीत बुडवू नयेत, ते खाल्ले जातात. टाकी धुऊन, उन्हात वाळवून लगेच आतून तेल फिरवले. नाही तर दोन दिवसांत पुन्हा गंज चढतो.

मग सिलिंडर काढला. पुतण्याने आत बोट फिरवले आणि विचारले, "काका, हे उभे ओरखडे कशाचे?"

ओरखडे कशाचे हे मला ठाऊक होते. ही गोष्ट १९८६ सालची. मी अकरावीत होतो. आण्णांनी मला तालुक्याला पेट्रोल भरायला पाठवले आणि तेलाचे पैसे वेगळे दिले. त्या पैशांत मी सिनेमा पाहिला. टाकीत जुने मिश्रण थोडे शिल्लक होते, म्हणून येताना काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आण्णा कॅन बांधून निघाले आणि तीन किलोमीटरवर इंजिन जाम झाले. त्यांनी गाडी ढकलत डेअरी गाठली. वैशाखाचे दिवस, दूध नासले, परत आले. संध्याकाळी त्यांनी एवढेच विचारले, "तेल टाकलं होतंस ना?" मी म्हटले, "हो." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. पैसे नव्हते, म्हणून मिस्त्रीने पॉलिश पेपरने घासून रिंगा बदलल्या. तेव्हापासून गाडीचा जोर कमी झाला, तो झालाच.

आण्णा आता नाहीत. हे मी पहिल्यांदा कोणाला सांगितले ते पुतण्याला.

आता यातले शास्त्र पाहा. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल खाली साठवलेले असते. या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत जातात आणि तिथून वर सिलिंडरमध्ये. त्यामुळे त्या पेटीत तेल साठवता येत नाही. ते पेट्रोलातूनच पोचवावे लागते. तेल नसले की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. धुराड्याच्या बाजूला उष्णता जास्त, म्हणून ओरखडेही बहुधा तिकडेच असतात.

तालुक्याला लेथवर सिलिंडर बोर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. याच्या रिंगांच्या खाचेत बारीक पिन असते. रिंगेची दोन्ही टोके त्या पिनेपाशीच आली पाहिजेत, नाही तर टोक सिलिंडरच्या खिडकीत अडकून तुटते. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील नवी घातली. सील गळके असले, तर बाहेरची हवा आत शिरते आणि तेल घालूनही इंजिन तापते. सायलेन्सरमधला कार्बन खरवडून काढला.

हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासून आणि धान्यापासून होते, त्याचे वावडे नाही. पण ते हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची रबरे नवी घातली. गाडी असो वा पंप, महिनाभर उभा राहणार असेल, तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल इंजिन चालवून संपवा.

कागदांचेही पाहा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२१ साली नियमांत झालेल्या बदलाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. पण तशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. नोंदणी आणि विमा होईपर्यंत आमची गाडी अंगणातच आहे.

ती सुरू झाली ती दिवाळीच्या आधी, सातव्या किकेला. आई ओट्यावर बसली होती. आवाज ऐकून ती उठून उभी राहिली आणि गाडी बंद होईपर्यंत उभीच होती.

जुना पिस्टन मी टाकून दिला नाही. गावोगावच्या प्रशिक्षणात फवारणी पंपाविषयी बोलताना तो हातोहात फिरवतो. पंपाच्या पुस्तिकेत तेलाचे प्रमाण दिलेले असते. ते १:२५ असेल, तर लिटरला ४० मिली. १:५० असेल, तर २० मिली. तेल टू-स्ट्रोकचेच घ्या. आधी वेगळ्या डब्यात मिसळून हलवा, मगच टाकीत ओता. अंदाजाने ओतू नका, मापाने घाला.

आणि घरातल्या पोराला तेल आणायला पाठवाल, तेव्हा आल्यावर त्याच्या हातातली बाटली पाहा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी