सायकलस्वाराची सावली

फिनलंडच्या उत्तर भागात, आर्क्टिक वर्तुळापासून फारशा दूर नसलेल्या ओउलू या शहरात २०१३ च्या फेब्रुवारीत हिवाळी सायकल-प्रवासाचा विचार करण्यासाठी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली; आणि त्याच वर्षी २३ मे रोजी आपल्या नागपुरात तापमानाने ४७.९ अंश सेल्सियसचा उच्चांक गाठला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध काहीही नसला, तरी ज्या शहराचे रस्ते वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली असतात तेथील मुले शाळेला आणि मोठी माणसे कचेरीला सायकलने जातात, आणि आपण मात्र हवामानाकडे बोट दाखवून सायकलीचा प्रश्न निकालात काढतो, या विरोधाचा नागपूरकराने गांभीर्याने विचार केला पाहिजे.

ओउलूची थंडी सौम्य नाही. तेथील लोक विशेष काटक असतील असेही नाही. भेद आहे तो बंदोबस्ताचा. तेथे सायकलींचे मार्ग मोटारींपासून अलग असून, मुख्य मार्गांवरील रात्रीचा बर्फ लोक घराबाहेर पडण्यापूर्वी हटविला जातो. दाबून घट्ट झालेला पातळ थर राहू देऊन तो यंत्राने खरवडला जातो आणि त्यावर बारीक खडी पसरली जाते, कारण चाक घसरते ते अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या गुळगुळीत बर्फावरून. हे काम पालिकेच्या नित्यकर्मांत जमा आहे. त्यासाठी कोणाला अर्जविनंत्या कराव्या लागत नाहीत.

नागपूरचा बर्फ म्हणजे वैशाखाचे ऊन. या उन्हात सायकल चालवणारा माणूस बहुधा हौशी नसतो. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत दुपारच्या पाळीला निघालेला कामगार, कॅरियरला डबा बांधून बांधकामावर जाणारा गवंडी, दुपट्टा डोक्याला गुंडाळून चार घरची धुणीभांडी आटोपत फिरणारी बाई, यांना दुसरे वाहन परवडत नाही म्हणून ते सायकलवर असतात. अशा माणसाला, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये, हा दर उन्हाळ्यात प्रसृत होणारा सरकारी इशारा काय कामाचा? त्या चार तासांतच त्याची रोजी असते.

कोरड्या उन्हात सायकल चालू असते तोवर, पोटात पुरेसे पाणी असल्यास, हवा त्वचेहून तप्त असूनही वाऱ्याने घाम वाळतो आणि शरीर काही अंशी निवते. प्राण कासावीस होतो तो चौकात, लाल दिव्यापाशी, जेथे वारा थांबतो, खालून सिमेंटचा रस्ता भाजतो आणि शेजारच्या मोटारींची धग अंगावर येते. शिवाय मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, नवतपा सुरू होतो त्याच सुमारास, सूर्य माध्यान्ही नागपूरच्या अगदी माथ्यावर येतो; तेव्हा इमारतींची सावली त्यांच्याच पायाशी गोळा होते आणि रस्त्याला तिचा काडीचाही उपयोग होत नाही. वर्धा मार्गावर मेट्रोचा एवढा प्रचंड पूल उभा राहिला, पण त्याची माध्यान्हीची छाया पडते दुभाजकावर, आणि सायकलस्वार असतो कडेला. त्या घटकेला त्याला आधार एकच, रस्त्यावर पसरलेल्या फांदीचा. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या वृक्षांखालून जाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. अन्यत्र मात्र रस्ते सिमेंटचे करताना झाडे तोडली गेली, आणि जी वाचली त्यांच्या बुंध्यांशी गट्टू असे बसविले गेले की मुळांशी पाणी मुरायला जागाच उरली नाही. याला विकास म्हणण्यास माझे मन धजत नाही.

झाडांची नोंद उद्यान विभागाकडे, रस्त्याची बांधकाम विभागाकडे, चौकातील दिव्यांची वाहतूक पोलिसांकडे. सायकलस्वाराच्या सावलीची नोंद कोणाच्याच दप्तरी नाही. २०१६ पासून या शहरासाठी उष्मा-कृती आराखडा आहे, आणि केंद्र शासनाने २०२० साली पुरस्कृत केलेल्या सायकल-उपक्रमात नागपूरने उत्साहाने भागही घेतला होता. परंतु रस्त्याच्या कडेला आखलेल्या पट्ट्यावर छाया नसेल तर तो पट्टा चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत ओसच राहणार. महानगरपालिकेने हिंगणा, कामठी आणि अमरावती या तीन मार्गांपासून प्रारंभ करावा, वृक्षछाया हे रस्त्याचे अंग मानून तिची जबाबदारी एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याकडे सोपवावी, आणि येत्या पावसाळ्याच्या तोंडी कडुनिंब, करंज, चिंच अशी ऐन मे महिन्यात पानांनी भरलेली असणारी झाडे कडेला लावावीत, दुभाजकात नव्हेत. ही झाडे सावली धरेपर्यंत आठ-दहा वर्षे जातील. तोवर चौकांतील हिरव्या जाळ्या, दुपारी सिग्नल बंद ठेवण्याची तजवीज आणि दर दीड-दोन किलोमीटरवर एक पाणपोई एवढा बंदोबस्त गुढीपाडव्यापूर्वी पुरा झालेला असावा. पारा पंचेचाळिशी ओलांडल्यानंतर निघालेल्या हुकमाची अंमलबजावणी होईतो मृग लागतो.