ओळख देईना!

माणसाने माणसाला ओळख न देणे ही काही नवी गोष्ट नव्हे. दुष्यंताने भर दरबारात शकुंतलेला ओळखले नाही, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून मराठी माणसाने हा प्रवेश गाण्यांसकट पाहिला आहे. शकुंतला समोर उभी होती, खरी होती, तिच्यात काही उणे नव्हते. उणी होती ती एक अंगठी. हल्ली हाच प्रवेश घरोघरी निराळ्या पात्रांनिशी होत असतो. मेजावर संगणक असतो, शेजारी तळहाताएवढी काळी डबी असते, दोघांना जोडणारी वायर असते, डबीवरचा निळा दिवाही लुकलुकत असतो. आणि संगणकमहाराज स्वस्थ बसून असतात. ही कोण, कुठली, आपल्याला ठाऊक नाही!

डबी म्हणजे आपली हार्ड डिस्क बाहेरून जोडण्याची सोय. दुकानात तिला ‘केस’ किंवा ‘केसिंग’ म्हणतात. जुना लॅपटॉप निकामी झाला की त्याच्या पोटातली डिस्क काढून या डबीत घालतात. डबीत एक चिमुकली पट्टी असते. डिस्कची भाषा एक, वायरीची दुसरी, आणि ही पट्टी त्यांच्यामधली दुभाषी. म्हणजे ऐवज सारा डिस्कमध्ये. डबी, पट्टी आणि वायर हे नुसते भोई. आणि थकतात ते बहुधा भोईच. भोई बसला म्हणून पालखीतला देव गेला असे कोणी म्हणत नाही, पण डबी दिसेनाशी झाली की भले भले सुशिक्षित लोक “सगळं गेलं हो!” म्हणून डोक्याला हात लावतात.

आमच्या मोहोळातल्या एका निवृत्त गुरुजींनी असाच हात लावला होता. त्यांच्या मातोश्री जात्यावरच्या ओव्या म्हणत. नातवाने त्या मोबाईलवर टिपून घेतल्या, लॅपटॉपवर उतरवल्या. पुढे मोबाईल विकला, लॅपटॉप मोडला, मातोश्रीही गेल्या. उरली ती डबी. मी मराठी शिकवतो, यंत्रे दुरुस्त करीत नाही. परंतु आमच्याकडे ‘सर’ म्हटला की त्याला सर्व काही यावेच लागते. गुरुजी डबी उपरण्यात गुंडाळून घेऊन आले आणि म्हणाले, “सर, आईचा आवाज आहे हो ह्यात. दुसरीकडं कुठंच नाही.”

पहिला संशय वायरीचा घ्यावा. साध्या वायरीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. मोबाईल चार्ज करण्याच्या काही स्वस्त वायरींत निरोपाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. आता गंमत पाहा. या डब्यांना पुष्कळदा एक रुंद, दोन कप्प्यांचे तोंड असते, आणि त्याच्या मोठ्या कप्प्यात जुन्या मोबाईलची वायर अगदी मापाची बसते. वीज पोचते, दिवा लागतो, डिस्क फिरूही लागते; पण एक शब्दही पलीकडे जात नाही. गुरुजींच्या घरी नेमके हेच झाले होते. म्हणून दिवा लागला यावर विसंबू नये. डबीची स्वतःची वायर शोधावी, नाही सापडली तर शेजाऱ्याची आणावी, आणि हो, ती आखूड असेल तर उत्तम.

वायर बदलली आणि डबी दिसली. पण दोन क्षणांत पुन्हा गुप्त. आतून बारीक टक-टक ऐकू येऊ लागली. गुरुजींचा चेहरा उतरला. ही भूक असू शकते. आत चकती फिरते, मिनिटाला बहुधा ५४०० वेळा, आणि थांबलेली चकती फिरवायला लागणारी वीज फिरती ठेवण्यापेक्षा जास्त. जुन्या यूएसबी पोर्टाने ५०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम, नव्या निळ्या पोर्टाने ९००. त्यात घरच्या मोठ्या संगणकाचे पुढचे पोर्ट आतल्या लांब तारेने जोडलेले असतात; तिथवर पोचेपर्यंत वीज थोडी दमते. म्हणून डबी मागच्या बाजूला, थेट संगणकात लावावी. मध्ये हब नको. आणि डिस्क मोठ्या संगणकातली, म्हणजे साडेतीन इंची असेल, तर तिला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर हवाच.

हे यूएसबी प्रकरण ज्यांनी घडवले त्यांत बडोद्यात वाढलेले अजय भट्ट हे एक प्रमुख अभियंते. १९९६ साली ते बाहेर आले तेव्हा उद्देश एकच: घरच्या माणसालाही जोडता यावे. उद्देश साधला, प्लग उलटा धरून तीनदा फिरवणे आपल्या नशिबी आले, ते सोडून द्या.

मागच्या बाजूला लावल्यावर टक-टक थांबली आणि पडद्यावर पाटी झळकली: डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? हा सबंध नाटकातला सर्वांत धोक्याचा प्रवेश. संगणक अशा अदबीने विचारतो की माणूस ‘होय’ म्हणून बसतो. या प्रश्नाचा साध्या मराठीत अर्थ असा: “मला या वहीतले अक्षर लागत नाही, कोरी करून देऊ का?” अहो, अक्षर न लागणे हा वाचणाऱ्याचाही दोष असू शकतो! दुभाषी पट्टी बिघडली तरी हाच प्रश्न येतो, आणि डिस्क दुसऱ्या जातीच्या संगणकावर तयार केली असेल तरीही येतो. ‘इनिशियलाइज’ करू का असे विचारले तरी उत्तर तेच: नाही. ‘कॅन्सल’ म्हणावे आणि वायर काढून ठेवावी.

एक पाहणी मात्र निर्धास्तपणे करता येते. विंडोजच्या स्टार्ट बटणावर उजवी टिचकी मारली की ‘डिस्क मॅनेजमेंट’ नावाची ओळ दिसते. तिथे आपली डिस्क योग्य आकारमानाने दिसत असेल तर पुष्कळ आशा आहे. कधी सारे ठीक असते, फक्त डिस्कला अक्षर मिळालेले नसते. ते दिले की ती पुढे येऊन उभी राहते. तिथेही मुळीच दिसत नसेल, तर वायर आणि डबी यांवरचा संशय बळावतो.

गुरुजींची डिस्क तिथे पुऱ्या मापाची दिसत होती. तेव्हा बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा हसून म्हणाला, “सर, डिस्कला काय झालं नसंल. डबीच बदलून बघू की आधी.” त्याने चार स्क्रू काढले, डिस्क दुसऱ्या डबीत सरकवली, आणि पडद्यावर नातवाने ठेवलेले नाव आले: ‘पणजी’. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. एक फाईल उघडली, आणि त्या गजबजलेल्या दुकानात, चार्जरांच्या नि कव्हरांच्या माळांखाली, जात्याची घरघर आणि एक जाड, कापरा आवाज सुरू झाला. पोराने समोरच्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबवले.

सगळ्यांनाच असे यश येत नाही, हेही सांगितले पाहिजे. काही तयार डब्यांतली पट्टी मजकूर कुलूपबंद करूनच डिस्कवर लिहिते. अशी डिस्क दुसऱ्या डबीत घातली तर नुसता गोंधळ दिसतो, म्हणून तिची मूळ पट्टी फेकू नये. काहींत तोंड थेट डिस्कच्याच पाटीला जडवलेले असते. तिथे डबी बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि पुरती वीज मिळूनही टक-टक चालूच राहिली, तर दुखणे डिस्कचे आहे. तिथे हात आखडता घ्यावा. “फ्रीजमध्ये ठेवा” म्हणणारे वैद्य पुष्कळ भेटतात. त्याने आत दव धरते. डिस्क उघडून पाहण्याचा मोह तर नकोच. वाचणारी सुई चकतीवरून काही नॅनोमीटर अंतराने तरंगत असते. आपल्या मोहोळच्या धुळीचा एक कण तिच्यापुढे डोंगरच. अशा वेळी डबी बंद करून पुण्यासारख्या ठिकाणच्या जाणत्या दुकानात न्यावी आणि आधी खर्च विचारावा.

आयबीएमने १९५६ साली चकत्यांचे असे पहिले यंत्र काढले, तेव्हा त्यात २४ इंची ५० चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि मावत ५० लाख अक्षरे. ते यंत्र उपरण्यात गुंडाळून कुठे विसरण्याची सोय नव्हती! आज सबंध घराण्याचा आवाज खिशात मावतो, आणि एका घसरगुंडीत जातोही.

आमच्या बायकांची व्यवस्था या बाबतीत पक्की होती. लेक सासरी जाताना ओव्या सोबत नेई. म्हणजे माहेरी एक प्रत, सासरी दुसरी, नणंदेच्या गावी तिसरी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या या घराघरांतल्या प्रतींतूनच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तीही हस्तलिखिते ताडून पाहूनच. एकच पोथी हाती असती तर ताडायचे कशाशी?

त्याच दुपारी दुकानातून आणखी एक डबी आणि एक पेनड्राइव्ह घेतला. नुसती नक्कल करून भागत नाही. नकलेतल्या चार-दोन फाईली वाजवून पाहाव्या लागतात, आणि वायर उपटण्यापूर्वी संगणकाची रीतसर परवानगी घ्यावी लागते. आता एक प्रत गुरुजींच्या कपाटात आहे, एक पुण्याला लेकीकडे, आणि एक त्यांनी आमच्या मराठी विभागाला दिली आहे. ओव्या सत्तरएक निघाल्या. त्यांतल्या काहींत नागनाथाचे नाव आहे, काहींत सासूचे; सासूच्या ओव्या गुरुजी सूनबाई घरात नसतानाच लावतात. बिघडलेली जुनी डबी नातवाने खोलून पाहायला मागून घेतली आहे.