जर्मनच्या वाटेवर इंग्रजीचा टोलनाका

अष्टमीहून कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की रोहा. दिवाळीत त्या पुलावर उभे राहून शेजारच्या मुलीला म्हटले, "आपल्याकडे ती नदी आणि तो पूल. जर्मनमध्ये नेमके उलटे. नदी 'डेअर फ्लुस', पुल्लिंगी. पूल 'दी ब्र्युके', स्त्रीलिंगी." ती हसली. जर्मनचे नाव काढल्यावर तिला हसताना मी प्रथमच पाहत होतो.

मुलगी मराठी माध्यमातली. मुंबईच्या एका महाविद्यालयात बी.ए.ला जर्मन घेतले आणि पहिल्या सुटीत घरी आली ती विषय सोडायचा ठरवूनच. का, तर म्हणे, "काका, माझं इंग्रजी कच्चं आहे."

जर्मन जर्मनमधूनच शिकवावे, असे आजचे शिक्षक मानतात. ते योग्यच आहे. पण विद्यार्थी अडला की खुलासा येतो तो इंग्रजीतून, आणि या रस्त्यावर इंग्रजीसारखा वाईट वाटाड्या नाही. इंग्रजीत टेबलाला लिंग नाही. आपल्याला तीन लिंगांची सवय पाळण्यापासून. मुलीला जर्मन नपुंसकलिंगात का बोलतात, हे इंग्रजीला समजावून सांगावे लागते. मालवणी माणसाला नाही. त्याचे 'चेडू' नपुंसकलिंगीच! जर्मन एकवीस म्हणजे 'आइन-उंट-त्स्वांत्सिश', एक आणि वीस. इंग्रजीत आधी वीस, मग एक; आपण मात्र जर्मनांसारखे एकक आधी घेतो. (आपले एकोणतीस, एकोणचाळीस तेवढे जर्मनांना झेपणार नाहीत.) 'वाइल इश म्यूडे बिन' याचे मराठी करून पाहा: 'कारण मी दमलेली आहे'. शब्दाखाली शब्द बसतो. आणि झेड या अक्षराचा तो अवघड उच्चार? तो तर आपल्या 'चोरा'तला च.

सगळेच जुळते असे नाही. कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे घोकावेच लागते. 'दू' आणि 'झी' म्हणजे आपले तू आणि तुम्ही, हे चटकन कळते. पण तिकडे वडिलांनाही 'दू' म्हणतात, हे आमच्या आळीत अजून पचायचे आहे. भाषेबरोबर संस्कृती शिकायची ती अशा ठिकाणी.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनदुरुस्ती करणारे असे लोक त्यात अपेक्षित आहेत. हे तरुण तालुक्याच्या गावांतूनही येणार. त्यांच्यापुढे आधी इंग्रजीचा टोल ठेवायचा असेल, तर निम्मे इथूनच परत फिरतील. मुंबईच्या वर्गात गुजराती, तमीळ मुले असतात, तिथे मराठीतून सांगणे अवघड, हे मान्य. पण व्याकरणाची चार पानी मराठी टिपणे वाटायला कोणाची हरकत आहे? रोह्या-पेणसारख्या ठिकाणी वर्ग निघाले, तर तिथे तीही अडचण नाही.

सुटी संपल्यावर ती परत गेली. विषय अजून सोडलेला नाही. नव्या वहीत डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी अशी मांडणी केली आहे. इंग्रजीसाठी रकाना ठेवलेला नाही.